कॅसेटमधला आवाज: फितीपासून फाइलपर्यंत

बहुतेक घरांत माळ्यावर कुठेतरी बुटांच्या खोक्यात कॅसेट पडून असतात. त्यांतल्या निम्म्या विकत घेतलेल्या, भावगीतांच्या आणि आरत्यांच्या. उरलेल्या घरी भरलेल्या: आजीच्या ओव्या, मुंजीतले मंगलाष्टक, गल्लीतल्या गणपतीपुढचे गाणे, परदेशातल्या मुलाला पाठवायला म्हणून टेपरेकॉर्डरपुढे बसून बोललेले पत्र. विकतच्या कॅसेटवर वेळ घालवू नका. त्यांतले बरेचसे आज अधिक स्वच्छ स्वरूपात सहज ऐकायला मिळते. घरी भरलेल्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत जगात नसते, आणि हे सगळे त्यांच्यासाठीच आहे.

आधी हिशेब करा. या कामाला जवळचा रस्ता नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, वर साफसफाई आणि नावे घालणे वेगळे. चाळीस कॅसेट असतील तर रोज एक धरून दीड महिना. सुरुवात सगळ्यांत निकामी कॅसेटपासून करा, सगळ्यांत लाडकीपासून नको. पहिल्या दोन-तीन कॅसेटमध्ये यंत्राचे दोष कळतात आणि एखादी फीत गुंतते. ती आजोबांच्या कीर्तनाची नसलेली बरी.

कॅसेट वाजवायचे यंत्र

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या अरुंद फितीवर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे बसतात. एका पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर येतो. म्हणून यंत्राची यांत्रिक बाजू नीट असणे ही इथली खरी गरज आहे. केबल आणि सॉफ्टवेअर नंतरची गोष्ट.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वॉकमनसारखे दिसणारे यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊ नका. त्यांतली मोटर आणि चाके इतकी हलकी असतात की लांबवलेला षड्जही थरथरतो. शिवाय आतले साउंड सर्किट खरखर घालते ती वेगळीच. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना डेक शोधा, म्हणजे मोठ्या म्युझिक सिस्टिमचा सुटा भाग, ज्याच्या मागे लाल-पांढरी लाइन-आउटची भोके असतात. पुण्यातला जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार, किंवा नातेवाइकांचा माळा. दोन कप्प्यांचा डेक असेल तर ज्या कप्प्यात कमी वाजवले गेले असेल तो वापरा. ऑटो-रिव्हर्सची सोय असली तरी कॅसेट हातानेच उलटा. उलट दिशेला वाजवताना हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन बहुधा बिघडतो आणि बी बाजू मंद, गोधडीखालून आल्यासारखी ऐकू येते.

विकत घेण्याआधी तिथेच तीन गोष्टी पाहा. प्ले दाबल्यावर उजवे चाक फिरते का. फिरत नसेल तर बाहेर आलेली फीत गुंडाळली जात नाही आणि रबरी रोलरभोवती गुंतते. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणतात ते हेच. दुसरे, फास्ट फॉरवर्ड शेवटपर्यंत एका दमात जाते का. तिसरे, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून सारखा आवाज येतो का. पहिल्या दोन्हींत अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष बेल्टचा, म्हणजे मोटरने चाके फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा असतो आणि तो बदलता येतो. सारखा आवाज नसेल तर आधी हेड पुसून पाहा. हेड झिजून त्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर मात्र तो डेक तिथेच ठेवा.

बेल्ट

जुना बेल्ट एक तर सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. डांबर झाले असेल तर हातमोजे घाला, कारण हा काळा थर कपड्यावरून जात नाही. पुलीवरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने निघतो. पण वेळ लागतो आणि अर्धवट सोडला तर नवा बेल्ट अडखळतो. मापासाठी जुना बेल्ट धरू नका, तो ताणलेला असतो. ज्या पुलींवरून बेल्ट जातो त्यांच्याभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून पाचेक टक्के कमी घेराचा बेल्ट घ्या. फार घट्ट बेल्टने मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि आवाज थरथरतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सुटे बेल्ट मिळतात. माप मिलिमीटरमध्ये आणि बेल्ट चौकोनी की चपटा एवढे सांगितले की पुरते.

साफसफाई

केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. तेच घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असते आणि सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन, ते हेडवर चिकट थर सोडते. कानकोरणीच्या कापसाचे टोक ओले करा, थेंब गळेल इतके नको. हेड, शेजारचे जुना आवाज पुसून टाकणारे छोटे हेड आणि कॅपस्टन म्हणजे चकचकीत स्टीलची बारीक दांडी, ही तिन्ही पुसा. कापूस तपकिरी होतो तो फितीवरून सुटलेला लोहकण आहे. कापूस पांढरा राहीपर्यंत पुसत राहा. रबरी रोलरला अल्कोहोल कमी लावा, साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडा केलेला जास्त बरा. तो कडक आणि आरशासारखा चमकत असेल तर बदलायला आलाय. दर पाच-सहा कॅसेटनंतर पुन्हा पुसा. आवाज एकाएकी मंद झाला तर आधी कापूस फिरवा, बाकीचा विचार नंतर.

कॅसेट हातात घेतल्यावर

आधी वरच्या काठावरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडा. चुकून रेकॉर्ड दाबले गेले तरी मग काही पुसले जात नाही. विसरू नका, कारण या चुकीला दुरुस्ती नाही.

मग कॅसेट उजेडात धरून फितीचा गुंडाळा बघा. कडेला पांढरे ठिपके किंवा बुरा दिसला तर ती बुरशी आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईत चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटला ती लागतेच. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटला संसर्ग होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून आठवडाभर कोरडी होऊ द्या. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको, कवच वाकते. मग मास्क लावून, शक्यतो गॅलरीत, मऊ ब्रशने कडा झाडा आणि जुन्यापुराण्या यंत्रात दोनदा पुढे-मागे गुंडाळा. चांगल्या डेकवर चढवल्यावरही दर बाजूनंतर हेड पुसा.

बुरशी नसेल तरी वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबलेले थर मोकळे होतात. शिवाय शांत जागी पुढच्या ओळीची पुसट सावली आधीच ऐकू येते, म्हणजे शेजारच्या थराचा चुंबकीय ठसा, तीही थोडी कमी होते. नटराजची षटकोनी पेन्सिल अजूनही या कामाची आहे, पण फक्त ढिली फीत आवळण्यापुरती. सी-१२० म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत सी-६०च्या साधारण निम्म्या जाडीची असते, तिला फास्ट फॉरवर्डचे झटके देऊ नका.

कॅसेट फिरताना कर्र-किर्र असा आवाज करत असेल किंवा मध्येच थांबत असेल तर फीत चांगली पण कवच खराब, असे बहुधा निघते. दुसऱ्या, पाच स्क्रूंच्या कोऱ्या कॅसेटचे कवच घ्या, ते उघडा आणि फितीची दोन्ही चाके उचलून त्यात ठेवा. फीत कोपऱ्यांतल्या छोट्या रोलरांवरून गेली पाहिजे. हेडसमोरच्या पत्र्यावरचा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर तोही त्याच कवचातून मिळतो. तो नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. चिकटवून बंद केलेले कवच असेल तर जोडावर कटर फिरवून उघडावे लागते. या कामाची घाई केली तर बोट कापते.

फीत तुटली तर सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद काही दिवसांत कडेने झिरपतो आणि शेजारचे थर एकमेकांना चिकटतात. कॅसेटसाठीची जोडपट्टी मिळते. दोन्ही टोके एकावर एक ठेवून तिरकी कापा, कडेला कड भिडवा आणि पट्टी आतल्या बाजूने लावा. कॅसेटमध्ये हेडला घासणारी बाजू बाहेरची असते, तिला बोटसुद्धा लावू नका.

हेडचा कोन

इथे बहुतेक लोक चुकतात, किंवा हे असते हेच त्यांना ठाऊक नसते. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात हवी. घरी भरलेली कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर तुमचा डेक कितीही उत्तम असला तरी त्याला ती कॅसेट बोथट ऐकू येणार. ‘स’, ‘श’, टाळ आणि झांजा आधी जातात. लोक मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवतात आणि फक्त खरखर वाढवून ठेवतात.

हेडच्या दोन बाजूंना स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो कोनाचा, त्यावर बहुधा रंगाचा ठिपका मारलेला असतो. त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि फोटो काढा. स्क्रूड्रायव्हर चुंबक नसलेला हवा. डेक संगणकाला जोडा (जोडणी पुढे सांगितली आहे), कॅसेट वाजत असताना संगणकाच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, हेडफोन लावा आणि स्क्रू अगदी हळू हलवा. पाव फेऱ्याच्या पलीकडे जायची वेळ क्वचितच येते. एका जागी टाळ अचानक उघडतात, तीच जागा. मोनोमध्ये ऐकायचे कारण असे की कोन चुकला की डाव्या-उजव्या आवाजात बारीक अंतर पडते आणि मिसळल्यावर वरचे स्वर एकमेकांना खातात, त्यामुळे फरक कानाला दुप्पट कळतो. प्रत्येक घरगुती कॅसेटला हे वेगळे करावे लागते. विकतची कॅसेट लावायची असेल तेव्हा स्क्रू मूळ खुणेवर आणा.

गाण्यामागे कुणीतरी उलटे बोलतेय असे पुसट ऐकू आले तर घाबरू नका, ती मागची बाजू आहे. हेडची उंची चुकली आहे आणि ते काम जाणकार मेकॅनिकचे.

वेग

जुन्या डेकचा वेग दोन-तीन टक्के इकडेतिकडे असणे नेहमीचे. गाणाऱ्याच्या घरात हे चालत नाही. सहा टक्के वेग वाढला की पांढरी एकमध्ये गायलेले काळी एकमध्ये ऐकू येते. तपासायला टेस्ट कॅसेट हवीच असे नाही. जे गाणे विकतच्या कॅसेटवरही आहे आणि डिजिटल स्वरूपातही, ते दोन्हीकडे घड्याळ लावून मोजा. डिजिटल गाणे ३०० सेकंदांचे आणि तुमच्या डेकवर ३०६ भरले, तर डेक दोन टक्के हळू आहे. एकाच गाण्यावर विसंबू नका, तीन घ्या. मोटरच्या मागे एक बारीक भोक असते, त्याच्या आत वेगाचा स्क्रू. आधी साफसफाई आणि नवा बेल्ट, मग हा स्क्रू, नाहीतर बेल्टचा दोष मोटरच्या माथी मारला जातो.

घरी भरलेल्या कॅसेटचा वेग कळायची एक गमतीची युक्ती आहे. भरताना टेपरेकॉर्डर विजेवर चालत असेल तर विजेची ५० हर्ट्झची घुमघुमही फितीवर उतरलेली असते. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइज सर्वांत मोठा ठेवा आणि १५० हर्ट्झच्या, म्हणजे ५०च्या तिपटीच्या, आसपास पाहा. तिथे शेजारी-शेजारी दोन टोके दिसली तर १५०वरचे तुमच्या डेकचे आणि १४७वरचे फितीतले, म्हणजे आवाज दोन टक्के हळू वाजतोय. त्या काळी विजेची वारंवारता ५०वर स्थिर नसे, म्हणून हा पुरावा ढोबळच धरा आणि पेटीच्या स्वराशी ताडून पाहा. सेलवर भरलेल्या कॅसेटमध्ये घुमघुम नसते, पण तिची वेगळीच खूण असते: शेवटाकडे आवाज चढत जातो आणि आजोबा मुलासारखे बोलू लागतात. भरताना सेल उतरत गेले आणि फीत हळू धावली, आता ती पूर्ण वेगाने वाजतेय.

जोडणी आणि रेकॉर्डिंग

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये. अडचण अशी की आजच्या बहुतेक लॅपटॉपला लाइन-इन नसतेच. जे भोक दिसते ते हेडसेटच्या माइकचे, एकाच वाहिनीचे आणि फार संवेदनशील. त्यात डेक जोडला की आवाज फुटतो. लाल-पांढऱ्या पिनांचा स्टिरिओ इनपुट असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. बेहरिंगरचे यूसीए-२०२ किंवा २२२ यासाठी पुरेसे आहे. ते १६ बिटपर्यंतच जाते याची खंत करू नका. साध्या कॅसेटचा पल्ला, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, ५०-५५ डेसिबल, १६ बिटचा ९६. डेकला लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, आवाज अर्ध्यावर ठेवा.

आता विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन त्या इनपुटचे सगळे ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करा. नॉइज सप्रेशन हे बोलण्यासाठी बनवलेले आहे. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो नको, असा त्याचा नियम. तानपुरा एकसारखाच चालू राहतो. पहिल्या दहा सेकंदांत तो ऐकू येतो आणि मग विरघळून जातो, अशी तक्रार असेल तर कॅसेटला दोष देऊ नका.

ऑडॅसिटीत ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ. कॅसेटचा सर्वांत मोठा आवाज शोधून तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवा. शून्याला टेकलेला आवाज कायमचा फुटतो. कॅसेटवर डॉल्बीचे, म्हणजे खरखर कमी करण्याच्या पद्धतीचे, डबल-डी चिन्ह असेल आणि डेकवर ते बटण असेल तरच चालू करा. नसलेल्या कॅसेटवर ते लावले तर खरखर कमी होते खरी, पण टाळही जातात. घुमघुम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तिथेच सुटते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि जवळ ठेवलेला मोबाइल हे उरलेले संशयित. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, बऱ्याच इन्व्हर्टरची वीज साइन-वेव्ह नसते आणि ती भुणभुण फाइलमध्ये उतरते.

मग प्ले दाबा आणि खोलीतच थांबा. फीत गुंतली तर पहिल्या पाच सेकंदांत हात पोहोचला पाहिजे. पूर्ण बाजू एकाच फाइलमध्ये घ्या, मधल्या शांत जागांसकट.

दुरुस्ती करावी किती

कमी. जशी उतरली तशी फाइल आधी फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता दाबून ठेवणाऱ्या फाइल-प्रकारात) जपा आणि तिला हात लावू नका, जे करायचे ते प्रतीवर. न दाबलेल्या वेव्ह फाइलीत साठ मिनिटांना सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात, फ्लॅकमध्ये साधारण निम्मे, आणि आवाजात काहीही फरक पडत नाही.

प्रतीवर तीन कामे बिनधोक आहेत: ३० हर्ट्झखालचे काढून टाकणे, ‘चेंज स्पीड अँड पिच’ने वेग सुधारणे, आणि घरगुती मोनो कॅसेट असेल तर दोन्ही वाहिन्या मिसळून एक करणे. मिसळल्याने खरखर ३ डेसिबलने उतरते, तेही आवाजाला धक्का न लावता. एका वाहिनीत आवाज गळत असेल तर मिसळू नका, चांगली तेवढी ठेवा. नॉइज रिडक्शन वापरायचेच असेल तर ६ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे बोलणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि एक विचार करा: मागे वाजणारी कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भंगारवाला, पत्र्यावरचा पाऊस हे काढायचे कशासाठी? तो वाडा आता उभा नसेल तर त्याचा एवढाच आवाज शिल्लक आहे.

गाणी किंवा प्रसंग वेगळे करायचे तर सुरुवातीच्या जागी कंट्रोल-बी दाबून लेबल लावा, नाव लिहा आणि एक्स्पोर्ट करताना लेबलनुसार अनेक फाइली असा पर्याय निवडा.

नावे आणि जपणूक

फाइलच्या नावात वर्ष आधी: ‘१९८७-०५ नाशिक मुंज बाजू-ए’. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. अंक मात्र सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम बिघडतो. कॅसेटच्या आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, अक्षर कोणाचे तेही लिहून ठेवा. आवाज कोणाकोणाचे हे घरातल्या ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून याच आठवड्यात विचारा. फितीपेक्षा ती माहिती लवकर नष्ट होते.

तीन प्रती ठेवा: संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. शंभर कॅसेटचे फ्लॅक ४० जीबीच्या आसपास बसतात, म्हणजे खर्चाची सबब चालत नाही. पेनड्राइव्ह ही देवाणघेवाणीची वस्तू आहे, जपणुकीची नव्हे. नातेवाइकांना पाठवायला मोनो एमपी-थ्री, १२८ केबीपीएस पुरे. तीस मिनिटांची बाजू २९ मेगाबाइटमध्ये जाते. विकतच्या कॅसेट उतरवल्या असतील तर त्या घरातच ऐका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो.

काम झाले म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका, पुढे कधी याहून चांगला डेक हाती लागू शकतो. शेवटपर्यंत वाजलेली कॅसेट परत न गुंडाळता तशीच ठेवा, वाजताना फीत सारख्या ताणाने बसते, रिवाइंडमध्ये नाही. डब्यात घालून पुस्तकासारखी उभी, स्पीकर आणि मोटरपासून लांब. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.